लाकूड सगळ्यात शेवटी

प्रिय मित्रा,

तुझ्या घरगुती आर्केडचा, म्हणजे पडदा, दांडा आणि बटणं बसवलेल्या व्हिडिओ गेमच्या खोक्याचा आराखडा बघितला. बाजूच्या फळीचा उतार झकास काढलायस, तिच्यावर चिकटवायचं चित्रसुद्धा ठरलंय. पण खोक्याच्या आत काय काय बसणार, ते कागदावर कुठेच नाही. मेगा ड्राइव्ह मिनी, म्हणजे सेगाच्या जुन्या गेम कन्सोलची छोटी आवृत्ती, तुझ्याकडे आहे, १५ इंची जुना चौकोनी मॉनिटर आहे आणि आता १२ मिमी एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी) आणायचं म्हणतोस. ते एवढ्यात आणू नकोस. आधी सगळा संसार टेबलावर उघडा मांड, चार दिवस चालवून बघ, मग करवतीला हात लाव.

सुरुवात मॉनिटरपासून कर, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते. मूळ मेगा ड्राइव्ह १९८८ चा, त्याचे खेळ ४:३ पडद्यासाठी केलेले; चौकोनी मॉनिटरवर ते चपखल बसतील असं कुणालाही वाटेल. पण २०१९ मध्ये आलेला हा मिनी एचडीएमआयमधून ७२०पी, म्हणजे १२८० बाय ७२० चं रुंद चित्र बाहेर सोडतो आणि खेळ त्याच्या मधोमध ठेवतो. जुना मॉनिटर आलेलं चित्र मुकाट्याने पडद्याभर कोंबतो. तुझ्या पडद्याची दिसणारी जागा साधारण ३०४ बाय २२८ मिमी. खेळाच्या वाट्याला रुंदीचा पाऊण भाग येतो, म्हणजे २२८, उंचीही २२८. खेळ चक्क चौरस दिसणार आणि खेळातला नायक सॉनिक आठवडाभर उपाशी असल्यासारखा.

उपाय कन्सोलच्या सेटिंगमध्येच आहे. तिथे चित्राचं प्रमाण १६:९ कर. एरवी त्या पर्यायाकडे फिरकूही नये, पण इथे दोन चुका एकमेकींना खातात: कन्सोल जेवढं आडवं ताणतो तेवढंच मॉनिटर दाबतो, आणि पूर्ण पडद्यावर बरोबर ४:३ चित्र उरतं. दोनदा आकार बदलल्याने ते जरा मऊ दिसतं, पण या खेळांना ते शोभतं.

मॉनिटरला फक्त व्हीजीए (जुन्या पद्धतीचं, नुसतं चित्र नेणारं सॉकेट) असेल तर एचडीएमआय-टू-व्हीजीए कन्व्हर्टर लागेल. तो घेताना दोन गोष्टी बघ: ३.५ मिमीचं ऑडिओ सॉकेट आणि वीज देण्यासाठी वेगळं यूएसबी सॉकेट. एचडीएमआयच्या ५ व्होल्टच्या पिनवर फक्त ५५ मिलिअँपिअरचीच हमी असते. तेवढ्यावर कन्व्हर्टर चालला तर चालला, नाहीतर खेळ रंगात आला की चित्र गुल. काही जुने मॉनिटर ७२०पी घेतच नाहीत आणि ‘आउट ऑफ रेंज’ दाखवतात. तसं झालं तर वर सांगितलेलं सगळं विसर आणि दुसरा पडदा शोध. लाकूड आधी नको म्हणतो ते यासाठीच.

मॉनिटरचं स्टँड आणि पुढची प्लॅस्टिकची चौकट काढ, पण मागचा पत्र्याचा डबा उघडू नकोस. आत २३० व्होल्टची पाटी (सर्किट बोर्ड) असते, जुन्या मॉनिटरमध्ये दिव्यासाठी त्याहून जास्त व्होल्टेज तयार होतं, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. पाठीवर ७५ किंवा १०० मिमी अंतरावर चार भोकं असतील, तिथे एम४ स्क्रूने आडव्या फळीवर बसव. स्क्रू फळीच्या जाडीपेक्षा ६ ते ८ मिमीच लांब हवा. त्याहून लांब गेला तर आतल्या पाटीत घुसेल.

आता पॅड, म्हणजे कन्सोलचा हातात धरायचा कंट्रोलर. बटणांच्या तारा यूएसबीला जोडून देणारा, बाजारात मिळणारा साधा यूएसबी एन्कोडर पीसीवर छान चालतो, पण हा कन्सोल ठरावीक पॅडच ओळखतो. त्यामुळे मूळ पॅड उघडायचा आणि त्याच्याच पाटीवर खोक्यावरच्या दांड्याच्या आणि बटणांच्या तारा सोल्डर करायच्या. तीन बटणांच्या पॅडला चार दिशा, ए, बी, सी आणि स्टार्ट अशा ८ तारा आणि एक कॉमन (सगळ्यांना सामाईक तार), एकूण ९. सहा बटणांच्या पॅडला १३. कॉमन गृहीत मात्र धरू नकोस. मल्टिमीटर बीपवर ठेव आणि प्रत्येक बटणाच्या दोन बाजूंपैकी कोणती बाजू इतर बटणांशी जोडलेली आहे ते शोध.

रबराखालच्या काळ्या कार्बनवर सोल्डर धरत नाही. तिथून निघणारी तांब्याची रेघ बघ, तिच्यावरचा हिरवा थर कटरने २ मिमी खरवड, कथिलाचा हलका हात दे आणि मग बारीक तार टेकव. जाड तार अजिबात नको. ती वाकवताना रेघच उखडून येते आणि मग तो पॅड गेलाच. प्रत्येक जोडाजवळ तारेवर हॉट ग्लूचा थेंब टाक. पॅडची स्वतःची यूएसबी केबल तशीच राहू दे.

बटणाच्या मायक्रोस्विचला तीन पाय असतात: कॉम (सामाईक), एनओ (दाबल्यावर जुळणारा), एनसी (न दाबता जुळलेला). आपल्याला कॉम आणि एनओ हवेत. एनसीला जोडलंस तर न दाबताच बटण दाबलेलं राहील. सगळे कॉम एका तारेने माळेसारखे ओवता येतात. तारांच्या टोकाचे लग घेण्याआधी पायाची रुंदी मोज, २.८ आणि ४.८ मिमी दोन्ही मापं दिसतात.

जॉयस्टिकमध्ये हमखास गोंधळ होतो. दांडा वर ढकलला की त्याचं खालचं टोक उलट्या बाजूला जातं, म्हणून ‘वर’ची तार खालच्या स्विचला आणि ‘डावी’ची उजव्या स्विचला. दांडा आठ दिशांचा घे.

आवाजासाठी पीएएम८४०३ चिपची छोटी अॅम्प्लिफायर पाटी आणि ३ वॉटचे दोन स्पीकर पुरेत. या पाटीवर दोन्ही स्पीकरच्या ऋण तारा एकत्र करू नकोस, ग्राउंडलाही जोडू नकोस, चिप जळते. कन्सोलला ५ व्होल्ट, १ अँपिअर लागतो. एकाच अडॅप्टरवर कन्सोल आणि अॅम्प्लिफायर ठेवून गुणगुण ऐकू आली, तर अॅम्प्लिफायरला वेगळा चार्जर दे. त्या गुणगुणीवर दुसरं काही करत बसू नकोस, वेळ जातो.

एवढं टेबलावर नीट चाललं की लाकूड. पण पहिलं खोकं पुठ्ठ्याचंच कर. पत्र्याच्या डब्यासकट मॉनिटरची रुंदी मोज, दोन्ही बाजूंना १० मिमी मोकळे सोड; आतली रुंदी साधारण ३५० मिमी निघेल. पडदा १५ ते २० अंश मागे कललेला ठेव. पुठ्ठ्यावर बटणांची वर्तुळं काढ, हात ठेव, मनगट कुठे टेकतं बघ. ३० मिमी बटणांच्या केंद्रांमध्ये ३६ मिमी अंतर ठेव. भोकाचं माप हातात आलेल्या बटणावरून घे, कारण २८ मिमी भोकाची बटणंही त्याच नावाने विकली जातात.

तुझ्या १२ मिमी फळीला नट असलेली बटणं घे. नुसती दाबून बसवायची बटणं पातळ पत्र्यासाठी असतात, त्यांच्या खिट्या एवढ्या जाडीत अडकत नाहीत. जॉयस्टिकखाली मात्र फळी राउटरने किंवा पटाशीने कोरून ५-६ मिमी ठेव, नाहीतर दांडा वर पुरेसा येत नाही. भोकं पाडताना खाली टाकाऊ फळी दाबून धर, म्हणजे मागची कड फुटणार नाही. एमडीएफची कापलेली कड रंग पीत राहते. फेव्हिकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं करून दोन हात दे, वाळल्यावर २२० चा पॉलिश पेपर मार, मग प्रायमर.

मागची फळी स्क्रूने बसव, चिकटवू नकोस. तिला वर आणि खाली हवेसाठी भोकं, आणि हात आत जाईल एवढा एक झरोका: कन्सोलचा पॉवर स्लायडर आणि रीसेट तिथून दाबता आले पाहिजेत. तळाला रबरी बूट लाव.

पॅड उघडलास की पाटीच्या दोन्ही बाजूंचे फोटो पाठव. सोल्डरिंग त्यानंतर.