पोरीचं मन लागत नाही, परत आणू का?

‘खोली मिळाली, डब्याची सोय झाली, फी भरली. तरी पोरीचं मन लागत नाही म्हणते. परत आणावी का, मॅडम?’

प्रवेश होऊन महिना-दीड महिना लोटला की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. कधी आई विचारते, कधी वडील, कधी मूल स्वतःच येऊन बसतं. पुण्या-मुंबईला गेलेल्या मुलांची काळजी सगळे करतात. पण बार्शी, करमाळा, सांगोला, अक्कलकोटकडून सोलापुरात शिकायला येणाऱ्या मुलांना सोलापूर हेच मोठं आणि परकं शहर असतं, हे घरच्यांच्या लक्षात येत नाही. २००४ साली सोलापूर जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ झालं, आजचं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ. त्याआधी इथली महाविद्यालयं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली होती. ‘जिल्ह्यातच तर आहे’ एवढ्या एका वाक्यावर कितीतरी मुलींना घरून पुढच्या शिक्षणाची परवानगी मिळाली, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र त्याच वाक्यामुळे त्रास झाला तरी सांगायची चोरी होते. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात कसला आलाय त्रास, असं कुणी म्हणेल याची भीती वाटते.

अशाच एका मुलीची हकीकत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. बार्शी तालुक्यातलं गाव, घरी कांदा आणि तूर. वडील दर हंगामात सोलापूरच्या मार्केट यार्डात कांदा घेऊन येणारे. मुलीला एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला, पण वसतिगृहाच्या यादीत नाव लागलं नाही. वडिलांनी आपल्या अडत्याच्या, म्हणजे यार्डात त्यांचा माल विकून देणाऱ्या व्यापाऱ्याच्या, कानावर घातलं. अडत्याने जुळे सोलापुरात राहणाऱ्या मेव्हण्याच्या घराची मागची खोली मिळवून दिली. घर चांगलं, माणसं सज्जन, भाडं वाजवी, फाटक संध्याकाळी सातला बंद. ओळखीतलं घर मिळाल्यावर पुढचं काही विचारायचं कुणाला सुचलंच नाही.

सप्टेंबरात ती माझ्यासमोर बसली होती. ‘मला हे झेपत नाही. बाकीच्या मुली मजेत आहेत, माझ्यातच काहीतरी कमी आहे.’ वर्गात डोळे मिटत होते, प्रॅक्टिकलमध्ये हात चालत नव्हता. दर शनिवारी दुपारची एसटी पकडून गाव गाठायचं आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने रडत परत यायचं.

घरची आठवण येते, होईल सवय, असं सांगून तिला परत पाठवणं सोपं होतं. मी तिला म्हटलं, ‘काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलंस ते सांग. काय वाटलं ते नंतर बघू.’

तिचा कालचा दिवस खरं तर आदल्या रात्रीच सुरू झाला होता. त्या वेळी तिच्या भागात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड यायचं, आणि कधी येईल याचा नेम नसायचा. सोलापूरकराला उजनी धरणाच्या पाण्याची ही वाट पाहणं अंगवळणी पडलेलं असतं. घरोघरी हौद, पिंपं, टाक्या असतात आणि बायकांना पाण्याचे वार पाठ असतात. बाहेरून आलेल्या मुलीला हे कुणी समजावून सांगत नाही. पाणी आलं की मालकीणबाई मागच्या दाराची कडी वाजवायच्या. त्या रात्री ती पावणेदोनला वाजली. मुलीने उठून मोरीतल्या नळाला पाइप लावला आणि पिंप भरेपर्यंत उंबऱ्यावर बसून राहिली. धार बारीक होती. डोळा लागू नये म्हणून मोबाइलवर नोट्स वाचत होती. पिंपानंतर दोन बादल्या, मग कळशी, मग पिण्याची घागर. सव्वातीनला पाठ टेकली आणि साडेपाचला गजर झाला. मागच्या खेपेला कडी ऐकू आली नव्हती, तेव्हा तिने दोन बादल्यांवर चार दिवस काढले होते. मालकीणबाईंकडे पाणी मागायचा तिला धीर झाला नाही.

जुळे सोलापूर शहराच्या दक्षिणेला विजापूर रोडच्या बाजूला, आणि विद्यापीठ दुसऱ्या टोकाला केगावला, पुणे रोडवर. मधे गाडी बदलायची. वाट पाहण्यासकट जायला तासाच्या वर, यायला तेवढाच. सातच्या आत घरात यायचं म्हणून शेवटचं प्रॅक्टिकल संपलं की ती पळत सुटायची. डबा दारात आलेला असायचा, गार. घरी ज्वारीची भाकरी खाणाऱ्या पोरीला दोन्ही वेळा वातड चपात्या. गावी गेली नाही तर रविवारी रात्री डब्याला सुट्टी, मग बिस्किटं.

आणखी एक गोष्ट तिने अडखळत सांगितली. घरातली माणसं आपसात कानडी बोलायची. सोलापुरात मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू एकाच बोळात ऐकू येतात आणि इथल्या माणसाला त्याचं काही विशेष वाटत नाही. तिला मात्र दाराआडून हसण्याचा आवाज आला की आपल्याबद्दलच चाललंय असं वाटायचं. मग ती दार लावून घ्यायची, आणि ही पोरगी तुसडी आहे असा घरच्यांचा समज व्हायचा.

आता सांगा, तुटक झोपेवर, गार अन्नावर आणि रोजच्या दोन-अडीच तासांच्या धावपळीवर कुणाचं मन लागेल? त्यातही मला सगळ्यात जास्त खुपलं ते सातचं फाटक. मैत्री वर्गात होत नाही. ती होते तास संपल्यानंतरच्या अर्ध्या तासात, कँटीनच्या चहावर, झेरॉक्सच्या रांगेत, ‘चल, मी पण त्याच बाजूला येतेय’ म्हणत चालताना. तो अर्धा तास या मुलीला एकदाही मिळाला नव्हता. मुलीच्या सुरक्षिततेसाठी लवकरची वेळ हवी, असं पालकांना वाटतं. पण एकटी पडलेली मुलगी सुरक्षित नसते. अडचणीत हाक मारायला तिला चार मैत्रिणी लागतात.

खोली बदलायची हे आमचं लवकर ठरलं. घोडं अडलं वडिलांपाशी. ते माझ्याकडे आले तेव्हा बराच वेळ मान खाली घालून बसले. मग म्हणाले, ‘मॅडम, त्या माणसाला मी काय तोंड दाखवू? त्याच्याकडे माझी उचल आहे.’

उचल म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे. हा संकोच मी हलक्यात घेत नाही. शेतकऱ्याचं अडत्याशी नातं पिढ्यांचं असतं, आणि त्याने जिथं शब्द टाकला ते घर सोडायचं म्हणजे त्याचा शब्द खाली पाडल्यासारखं वाटतं. पण मुलीने आजवर तोंड का उघडलं नाही, तेही यातच होतं. आप्पांची उचल तिला ठाऊक होती. तिला वडिलांकडून एकच गोष्ट ऐकायची होती, ती त्यांनी माझ्यासमोर सांगितली: ‘माझं मी बघतो, तू तुझं शिक्षण बघ.’ त्या दिवशी ती पहिल्यांदा मोकळेपणी रडली.

खोली सोडताना कुणाला दोष द्यायची गरज नव्हती. विद्यापीठ लांब पडतं, हिवाळ्यात लवकर अंधार होतो, हे खरं कारण होतं आणि ते पुरेसं होतं. बापलेक स्वतः जाऊन बोलले. मालकीणबाई म्हणाल्या, एवढी दगदग होतेय हे आधी सांगायचं नाही का. एका महिन्याचं भाडं ठेवून उरलेलं डिपॉझिट परत मिळालं.

नवी खोली वर्गातल्या दोन मुलींबरोबर बाळ्याला बघितली, पुणे रोडवरच, विद्यापीठापासून जवळ. यावेळी मी त्यांना सांगितलं होतं की खोली रविवारी दुपारी बघू नका, कामाच्या दिवशी संध्याकाळी जा. रस्त्यावर दिवे आहेत का, त्या वेळी गाडी मिळते का, ते तेव्हाच कळतं. मालकाला विचारण्याआधी तिथं राहणाऱ्या मुलींना विचारा: पाणी किती दिवसांनी येतं, साठवायला टाकी आहे की पिंप, आपण घरात नसलो तर कोण भरतं? डोक्यावर स्लॅब आहे की पत्रा तेही बघा, कारण परीक्षा ऐन उन्हाळ्यात येतात आणि चाळीस अंशांच्या पुढे गेलेल्या सोलापुरात पत्र्याखाली बसून अभ्यास होत नाही. दाराची कडी आतून नीट लागते का, हे मुलीने स्वतः लावून बघावं.

आणि करार लेखी मागा. ओळखीत कागद कशाला, म्हणून पालक गप्प बसतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. तेव्हा कागद मागण्यात अविश्वास कसला? डिपॉझिट किती, परत कधी, वीजबिल कसं वाटायचं, खोली सोडायची तर किती दिवस आधी सांगायचं, एवढं त्यात स्पष्ट असलं की पुढचे वाद टळतात. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजना. निकषांत बसणाऱ्याच्या बँक खात्यात राहण्या-जेवणाचे पैसे थेट जमा होतात. समाजकल्याण किंवा आदिवासी विकास विभागाच्या कार्यालयात वेळेत चौकशी करा. मुदत टळून गेल्यावर माझ्याकडे येणारी मुलं पाहिली की जीव तुटतो.

खोली बदलल्यावर तिची झोप आठवड्याभरात सुधारली. वर्गात लक्ष लागू लागलं. पण रविवारची संध्याकाळ अजून खायला उठायची. त्यावर तिचा एकच उपाय होता, शनिवारची एसटी. घरी जाण्यात वाईट काही नाही. मात्र दर शनिवारी गाव गाठलं तर नव्या शहरातला रविवार कधी वाट्यालाच येत नाही, आणि सोमवारची पहाट दर वेळी पहिल्या दिवसाइतकीच जड जाते. आम्ही ठरवलं की सलग दोन रविवार सोलापुरात, तिसऱ्याला गावी.

डब्याच्या सुट्टीच्या रात्री तिघींनी खोलीतच स्वयंपाक करायचं ठरवलं. घरून ज्वारीचं पीठ आलं. भाकरी थापायला तिघींत हिला एकटीलाच येत होती. पंढरपूरची मैत्रीण पीठ मळायला बसली, तिसरीने पिठलं हलवलं, आणि हिने परातीत पहिली भाकरी थापून अलगद तव्यावर टाकली तशा दोघी बघतच राहिल्या. पुढच्या भेटीत तिने मला हे सांगितलं तेव्हा आवाज वेगळा होता. आपल्यात काहीतरी कमी आहे, हे तिच्या बोलण्यात पुन्हा आलं नाही. जानेवारीत संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरली तेव्हा ती गावी गेली नाही. नंदीध्वजांची मिरवणूक बघायला तिने आई-आप्पांनाच सोलापुरात बोलावून घेतलं.

आयांना एक विनंती आहे. रोज फोनवर ‘जेवलीस का, करमतंय का’ एवढंच विचारलं तर मूल ‘हो’ म्हणून मोकळं होतं. आज कुणाबरोबर चहा घेतलास, पाणी कधी आलं, शेजारच्या खोलीत कोण आहे, असं विचारा. दोन-तीन दिवस उत्तरात कुणाचंच नाव आलं नाही तर एकदा जाऊन भेटा.

प्रत्येक वेळी खोलीचाच दोष असतो असं मात्र समजू नका. माझ्याकडे आलेल्या एका मुलाची खोली उत्तम होती, मित्र होते, तरी दिवाळीला घरी आठ दिवस राहूनही त्याची झोप आणि भूक परत आली नाही. कुणाशी बोलेना, आवडीच्या क्रिकेटकडे बघेना. घरी विसावा मिळूनही दोन आठवडे असंच चाललं, किंवा ‘मी नसलो तरी चालेल’ अशी भाषा आली, तर खोली शोधत बसू नका. मुलाला एकटं ठेवू नका आणि त्याला थेट मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. सोलापुरात सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री कधीही मोफत फोन करता येतो, मराठीतही बोलता येतं. वसतिगृहात किंवा खोलीवर रॅगिंग होत असेल तर १८००-१८०-५५२२ ही देशभराची हेल्पलाइन आहे, तक्रार पालकांनाही करता येते. हे दोन्ही नंबर सामान बांधतानाच मुलाच्या मोबाइलमध्ये टाकून द्या, आणि स्वतःच्याही.