गिटारचा नट घरी बदलताना

नट म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्यांचा (फ्रेटचा) फ्रेटबोर्ड संपून खुंट्यांचा हेडस्टॉक सुरू होतो तेथे बसवलेली सहा खाचांची पट्टी. पावसाळा लागल्यापासून तिच्याविषयी इतके प्रश्न आले आहेत की या वेळचा सगळा मजकूर तिलाच दिला आहे.

प्रश्न (मुलुंड): माझ्या अकूस्टिक गिटारवर एफ कॉर्ड धरताना बोटे दुखून येतात आणि पहिल्या फ्रेटवरचे स्वर चढे लागतात. नट बदलावा लागेल का?

उत्तर: ही दोन लक्षणे एकत्र दिसत असतील, तर खाचा उथळ राहिल्या आहेत असे समजण्यास हरकत नाही. तार जितकी उंच, तितकी ती दाबताना अधिक ताणली जाते आणि तितका स्वर चढतो. खात्रीसाठी पहिल्या फ्रेटवर कॅपो (सर्व तारा एकदम दाबणारा चिमटा) लावून त्याच्यापुढे बार कॉर्ड, म्हणजे एकाच बोटाने सर्व तारा आडव्या दाबून वाजवायची कॉर्ड, धरून पाहा. कॅपो लावला की नटाचा संबंध उरत नाही, त्यामुळे हाताला एकदम हलके वाटले तर दोष नटाचाच. तरीही जड वाटत असेल, तर कानस बाजूला ठेवा. मुंबईच्या दमट हवेत गिटारच्या वरच्या फळीचे लाकूड फुगून ब्रिजजवळ (तारांचे खालचे टोक अडकवलेले असते तेथे) उचलले जाते आणि बाराव्या फ्रेटपाशी तारा वर जातात. जुलैमध्ये त्याचे खापर नटावर फोडून खाचा घासल्या, तर हवा कोरडी होऊन फळी बसल्यावर त्याच तारा खरखरू लागतात.

दुसरे असे की, उथळ खाचा खोल करायच्या असतात. त्यासाठी नट बदलायचा नसतो. तो बदलावा तडा गेल्यावर, टवका उडाल्यावर किंवा खाच इतकी खोल गेल्यावर की मोकळी तार पहिल्या फ्रेटवर आपटते. एकच खाच खोल गेली असेल, तर तिच्यात खाण्याचा सोडा दाबून भरतात, वर फेव्हिक्विकचा थेंब टाकतात आणि नव्याने खाच पाडतात. उपाय तात्पुरता आहे, पण कार्यक्रम दोन दिवसांवर आला असेल तर तोच शहाणपणाचा.

प्रश्न (विलेपार्ले): जुना नट काढताना हेडस्टॉकचा रंग उडण्याची भीती वाटते. तो कसा काढावा?

उत्तर: भीती योग्य आहे, कारण पुष्कळ गिटारींवर लॅकरचा थर नटाच्या कडांवरूनही गेलेला असतो आणि नट निघताना तो थर सोबत लाकडाची कपची घेऊन येतो. म्हणून आधी नव्या पात्याच्या कटरने नटाच्या चारही बाजूंनी हलकी रेघ मारून घ्यावी. नट फ्रेटबोर्डच्या टोकाला टेकून बसलेला असेल, तर फ्रेटबोर्डच्या बाजूने लाकडाचा ठोकळा लावून त्यावर हातोडीने हलकेच टकटक करावी. तो सुटून येतो. फेंडर कंपनीच्या पद्धतीच्या गिटारमध्ये मात्र नट साधारण ३.२ मि.मी. रुंदीच्या खोबणीत दोन्हीकडून अडकलेला असतो, म्हणून तेथे समोरून ठोकल्यास पुढची लाकडाची पातळ भिंतच तुटते. असा नट बाजूने सरकवावा. सरकत नसेल तर हॅकसॉच्या बारीक पात्याने लांबीच्या दिशेने मधोमध कापावा आणि पकडीने दोन्ही तुकडे एकमेकांकडे दाबावेत, म्हणजे ते आत कोसळतात. पाते खोबणीच्या तळापर्यंत जाऊ देऊ नये. गिटार महागडी असेल, तर काढण्याचे एवढे काम कारागिराकडून करून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न (गिरगाव): घरी सगळे शाकाहारी आहेत, हाडाचा नट नको. मग प्लास्टिकवरच समाधान मानायचे का?

उत्तर: मुळीच नाही. वाईट असतो तो साच्यातून काढलेला, खालून पोकळ असलेला प्लास्टिकचा नट. मायकार्टा (राळेत दाबलेले कागदाचे किंवा कापडाचे थर), ग्राफाइटमिश्रित नट किंवा स्वयंपाकघरातल्या ओट्यासाठी वापरतात तो कोरियन (Corian) हा कृत्रिम दगड, हे सर्व उत्तम चालतात. ओटे बसवणाऱ्यांकडे कोरियनचे कापून उरलेले तुकडेही मिळतात. कोणत्या नटाने आवाज किती बदलतो यावर वाद घालणारे एक गोष्ट विसरतात: तार कोठेही दाबली की तिचे टोक फ्रेटवर टेकते, आणि नटाचा परिणाम उरतो तो मोकळ्या तारांपुरता. नट खाली सपाट बसला आहे की नाही, याने पडणारा फरक साहित्याच्या फरकाहून मोठा असतो. हाड वापरणाऱ्यांनी तोंडाला मास्क लावावा आणि काम गॅलरीत करावे. त्याची पूड घशात जाते आणि वास दंतवैद्याच्या खुर्चीची आठवण करून देतो.

प्रश्न (भांडुप): नटाच्या खास कानशींचा संच फार महाग आहे. त्याशिवाय खाचा नेमक्या उंचीवर कशा आणाव्यात?

उत्तर: सगळे कसब येथेच आहे, म्हणून सविस्तर लिहितो. कोरा नट सपाट काचेवर चिकटवलेल्या पॉलिश पेपरवर घासून प्रथम त्याचा तळ आणि जाडी जुळवा. गुण्या लावून पाहिल्यावर तळाखालून उजेड दिसता कामा नये. मग एक साधी पेन्सिल उभी चिरून तिचा अर्धा भाग घ्या, सपाट बाजू खाली ठेवून तो पहिल्या दोन-तीन फ्रेटवर टेकवा आणि शिसे नटावर आडवे फिरवा. उमटलेली रेघ म्हणजे फ्रेटची उंची. तिच्याखाली कानस गेली की तो नट वाया गेला. खाचांचे अंतर जुन्या नटावरून उतरवून घ्यावे. जुना नट तुटला असेल, तर दोन्ही कडांपासून सुमारे ३ मि.मी. सोडून बाहेरच्या तारा घ्याव्यात आणि मधल्या तारांमध्ये केंद्रांचे नव्हे, तर मोकळ्या जागांचे अंतर सारखे ठेवावे, कारण जाड तारा अधिक जागा खातात.

हत्यारांसाठी नागदेवी रस्त्यावर एक फेरी पुरते. गॅस वेल्डिंगचे नोझल साफ करण्याच्या खरखरीत सुयांचा जुडगा वेगवेगळ्या जाडीत आणि स्वस्तात मिळतो. त्या वाकतात, म्हणून बोटाने आधार देऊन छोटे छोटे हात मारावेत. अकूस्टिकच्या हलक्या (लाइट) तारांच्या संचाची पहिली तार ०.०१२ इंच आणि सहावी ०.०५३ इंच असते. खाच तारेपेक्षा केसभर रुंद हवी, अरुंद नको.

पेन्सिलीच्या रेघेच्या बरेच वर थांबून तारा चढवा, स्वरात लावा आणि मगच खरी तपासणी करा. दुसऱ्या व तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये तार दाबून पहिल्या फ्रेटवरची फट पाहा. झेरॉक्सचा कागद साधारण ०.१ मि.मी. जाड असतो, पातळ तारेखाली तो जेमतेम सरकावा, सहाव्या तारेखाली जरा सैल. फट मोठी असेल तर तार सैल करून खाचेबाहेर काढा, दोन-तीन हात मारा, पुन्हा स्वरात लावा, पुन्हा पाहा. कंटाळा येतो, आणि नेमका तेव्हाच एक हात जास्त पडतो. म्हणून कोरे नट दोन विकत घ्यावेत. चिकटवणे सर्वांत शेवटी, आणि तेही गोंदाच्या दोन ठिपक्यांनी. नटाला जागेवर धरतो तो तारांचा दाब, आणि पुढच्या वेळी तो काढायचा आहे.

प्रश्न (चेंबूर): नवा नट बसवल्यावर तिसरी मोकळी तार सतारीसारखी झणझणते, तरी ती फ्रेटला लागत नाही. असे का?

उत्तर: सतारीच्या रुंद घोडीवर तार निसटती घासत राहते म्हणून जवारी निघते, आणि आपल्या खाचेतही नेमके तेच घडत आहे. खाचेचा तळ सपाट किंवा फ्रेटबोर्डकडे उतरता राहिला असणार. तार नटाच्या पुढच्या, म्हणजे फ्रेटबोर्डकडच्या, कडेवरूनच सुटली पाहिजे. तेथून मागे तळ खुंटीच्या दिशेने उतरत जावा. पुढच्या कडेला न शिवता मागचा भाग थोडा उतरवा. तार पिळताना टक् असा आवाज होऊन स्वर एकदम उडी मारत असेल, तर खाच अरुंद आहे. ती किंचित रुंद करून आत पेन्सिलीचे शिसे घासावे.

प्रश्न (दहिसर): मुलगी डावखुरी आहे. तोच नट उलटा फिरवून तारा उलट्या लावल्या तर चालेल का?

उत्तर: नाही. रुंद व अरुंद खाचा जागेवर येतील, पण त्यांचा उतार उलटा होऊन वरची झणझण सहाही तारांवर ऐकू येईल. नवा नट करावाच लागेल. शिवाय अकूस्टिकच्या ब्रिजमधली हाडाची पट्टी तिरकी बसवलेली असते. ती तशीच राहिली तर वरच्या फ्रेटवरचे स्वर जुळणार नाहीत, आणि तिची खोबण बुजवून नव्याने पाडणे हे घरचे काम नव्हे. शिकण्यासाठी डावखुरी गिटारच घ्यावी.