अणुभट्टी फुटते का, परवडते का, आणि बोंबील खायचे का?

गेल्या वेळी जगाच्या विजेच्या भुकेबद्दल लिहिलं आणि अणुऊर्जेचा उल्लेख एका ओळीत उरकला, त्यावरून बरीच बोलणी खाल्ली. मी स्वतः आयुष्यभर कोळशाच्या स्टेशनात काम केलेला माणूस, अणुवाल्यांचा शेजारी म्हणा हवं तर. आलेल्या प्रश्नांतले पाच घेतोय.

अणुऊर्जा एवढी भारी आहे तर जगात तिचा वाटा इतका कमी का? (पुणे)

साधारण ९-१० टक्के आहे, आणि गंमत म्हणजे नव्वदच्या दशकाच्या मध्यात तो १७ टक्क्यांच्या वर होता! म्हणजे भट्ट्या बंद पडल्या असं नाही, आजही जगात चारशेच्या वर चालू आहेत, पण विजेची मागणी कुठल्या कुठे गेली आणि नवीन बांधणं मात्र रखडलं. रखडलं म्हणजे किती? तर फ्रान्समधल्या फ्लामानव्हिलचं तिसरं युनिट बघा, काम सुरू २००७ ला, चालू होणार होतं २०१२ ला, ग्रिडला जोडलं डिसेंबर २०२४ मध्ये. ३.३ अब्ज युरोंचा अंदाज १३ अब्जांच्या वर गेला. घर बांधायला काढलेल्या माणसाला हे दुःख लगेच कळेल, आणि इथे तर कर्जाचं व्याजच निम्मा जीव खातं. जैतापूरला माडबनच्या सड्यावर बसवायच्या म्हणतात त्या सहा भट्ट्या याच जातीच्या, एकेक साधारण १७०० मेगावॅटची, म्हणून तिथल्या विजेचा दर काय पडणार हा प्रश्न मला तिथे ज्याची भीती घालतात त्या भूकंपापेक्षा मोठा वाटतो.

पण थांबा, हीच डिझाइन चीनने ताइशानला दहाएक वर्षांत चालवून दाखवली. आणि अबू धाबी अमिरातीतल्या बराकाला कोरियन लोकांनी २०१२ ला पहिलं काँक्रीट ओतलं, २०२४ पर्यंत चारही युनिटं चालू, यूएईची जवळपास पाव वीज आता तिथून येते. फरक कशात? एकच डिझाइन, तीच माणसं, एकामागून एक चार वेळा. युरोपात वेल्डिंग करणारे हातच मधल्या वीस वर्षांत रिटायर होऊन गेले होते, मग प्रत्येक सांधा पहिल्यापासून शिकायचा. दुबईच्या हवामान परिषदेत २०२३ ला वीसेक देशांनी २०५० पर्यंत अणुवीज तिप्पट करायची घोषणा केली, सह्या करायला काय लागतं, वेल्डर कुठून आणणार ते सांगा.

सोलर इतकं स्वस्त झालंय, मग ही उठाठेव कशाला? (नाशिक)

दुपारी बारा वाजता तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. संध्याकाळी सात वाजता नाही. १००० मेगावॅटचं सोलर आपल्याकडे वर्षाला १७५-२०० कोटी युनिट देतं, तेवढ्याच क्षमतेचं अणुकेंद्र ७०० कोटी, कारण ते रात्री पण चालतं, पावसाळ्यात पण चालतं. कारवारजवळच्या कैगाचं पहिलं युनिट २०१८ च्या अखेरपर्यंत एकदाही बंद न पडता सलग ९६२ दिवस चाललं होतं, आम्ही थर्मलवाले तीन महिने ट्रिप झालो नाही, म्हणजे संच अचानक बंद पडला नाही, तरी पेढे वाटायचो.

आणि हेच ७०० कोटी युनिट कोळशावर काढायचे तर वर्षाला पंचेचाळीसेक लाख टन कोळसा, म्हणजे रोज तीन-साडेतीन मालगाड्या भरून. पावसात भिजलेला कोळसा वॅगनमधून खाली पडत नाही, पहारीने ढोसावा लागतो, हे मी केलंय. परदेशातल्या तेवढ्याच क्षमतेच्या भट्टीला वर्षाला पंचवीस-तीस टन इंधन पुरतं, आपल्या जड पाण्याच्या भट्ट्या नैसर्गिक युरेनियम वापरतात म्हणून त्यांना जास्त लागतं, तरी ते ट्रकमधून येतं. बॅटऱ्या स्वस्त होतायत हे खरंय, संध्याकाळचे चार तास त्या सांभाळतीलही. ढगाळ आठवड्याचं काय, ते अजून कोणी मला पटेल असं सांगितलेलं नाही.

भट्टी बॉम्बसारखी फुटू शकते का? (लातूर)

नाही. वीजकेंद्रातलं युरेनियम त्या दर्जाचं नसतंच. धोका वेगळाच आहे आणि तो समजून घ्या. आमच्याकडे ट्रिप झालं की आग विझली, विषय संपला. अणुभट्टी बंद केली तरी इंधन स्वतःच गरम होत राहतं, बंद केल्या क्षणी साधारण ६ टक्के उष्णता चालूच असते, म्हणजे ३००० मेगावॅट उष्णतेच्या भट्टीत १८० मेगावॅट! हळूहळू उतरते, पण पाणी फिरवत राहावंच लागतं. ११ मार्च २०११ ला जपानमधल्या फुकुशिमाच्या चालू भट्ट्या भूकंपात नीट बंद झाल्या होत्या, ग्रिड गेली, डिझेल जनरेटर पण सुरू झाले, आणि मग त्सुनामी आली आणि तळघरातले जनरेटर बुडाले. तळघरात! त्याच दिवशी ओनागावाचं केंद्र भूकंपाच्या केंद्राला जास्त जवळ होतं, पण ते उंचावर बांधलेलं, वाचलं, उलट गावातले लोकच तिथल्या जिममध्ये आसऱ्याला गेले. फुकुशिमात किरणोत्सर्गाने गेलेला म्हणून सरकारने एकच कामगार मान्य केलाय, घाईघाईच्या स्थलांतरात मात्र दोन हजारांवर माणसं गेली, बहुतेक म्हातारी.

मी स्टुटगार्टला राहते, इथलं नेकारवेस्टहाइमचं अणुकेंद्र २०२३ ला बंद केलं. बरोबर केलं का?

ताई, माझ्या मते नाही. १५ एप्रिलला जर्मनीने शेवटच्या तीन भट्ट्या बंद केल्या, तिन्ही ठणठणीत. नवीन बांधणं महाग असतं हे वर सांगितलंच, पण बांधून फेडून झालेली भट्टी ही जगातल्या सगळ्यात स्वस्त विजेपैकी एक, ती आधी बंद करून कोळसा नंतर बंद करायचा हा क्रमच उलटा. तिथला कोळसा पुढे कमी झाला हे मान्य, तो आणखी लवकर झाला असता. कचऱ्याची भीती म्हणाल तर फिनलंडने ओंकालोला चारशे मीटरच्या खाली खडकात तांब्याच्या डब्यात पुरायची सोय केलीच आहे. आमच्या राखेचे तलाव कधी येऊन बघा.

आम्ही बोईसरला राहतो. तारापूरच्या समुद्रातले बोंबील खायचे का?

मी खातो. समुद्राचं पाणी कंडेन्सरच्या, म्हणजे वाफ थंड करणाऱ्या यंत्राच्या, नळ्यांमधून जातं, इंधनाला लागत नाही, बाहेर पडतं ते कोमट होऊन. मासे, भाजी, दूध यांचे नमुने तिथली प्रयोगशाळा नेमाने तपासते. मच्छीमारांची तक्रार वेगळी आहे, कोमट पाण्याने मासा लांब गेला आणि केंद्राजवळ होडी नेता येत नाही, आणि ती मला खरी वाटते. तिसऱ्या-चौथ्या युनिटसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही दोन गावं उठवली, त्यांच्या पुनर्वसनाचं भांडण कोर्टापर्यंत गेलं. बोंबलांबद्दल म्हणाल तर सकाळी लवकर जा, दहानंतर ते मऊ पडतात.