रिपोर्ट नॉर्मल आला, मग किमो कशाला?

नवऱ्याला (वय ४४) एएमएल, म्हणजे रक्ताचा कॅन्सर आहे. पहिल्या किमोनंतर रिपोर्ट ‘रेमिशन’ आला, आम्ही देवळात नारळ फोडला. आता डॉक्टर आणखी तीन किमो सांगतात. कशासाठी? – एक भगिनी, निपाणी

नारळ फोडलात ते बरंच केलंत, ताई. पण रेमिशन म्हणजे आजार गेला असं नव्हे, दिसेनासा झाला. लॅबमध्ये बोनमॅरोच्या, म्हणजे हाडातल्या मगजाच्या, साधारण ५०० पेशी मोजतात. त्यात ब्लास्ट, म्हणजे कच्च्या पेशी, ५ टक्क्यांहून कमी आणि बाकीचे काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, भरून आलेले असले की रेमिशन. आजार सापडतो तेव्हा अशा पेशी ढोबळमानाने लाख कोटी असतात. रेमिशनमध्येही शंभर कोटी उरू शकतात. हराळी वरवर खुरपली की वावर कसं स्वच्छ दिसतं, तसं. इथेच थांबलं तर बहुतेकांचा आजार काही महिन्यांत परततो. पुढच्या किमोत सायटॅराबिन हे औषध असतं ते या उरलेल्यांसाठी. कुणाला बोनमॅरो ट्रान्सप्लांटही लागतो. ते एफएलटी३, एनपीएम१ अशा जीनच्या रिपोर्टवरून ठरतं. पुढच्या भेटीत तो रिपोर्ट समोर ठेवून ‘आमचा धोका कुठल्या गटातला?’ हे विचाराच.

किमोनंतर घरी आलो. रात्री १०१ ताप होता, पॅरासिटामॉलने उतरला. सकाळी गेलो तर डॉक्टर रागावले. – एक वाचक, कणकुंबी

मीही रागावलो असतो. किमोनंतर आठवडा-दहा दिवसांनी काउंट पडतात, न्यूट्रोफिल, म्हणजे इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ५०० च्या खाली जातात. तेव्हा पू धरायलाही पेशी नसतात. इन्फेक्शनची खूण बऱ्याचदा ताप एवढीच. ती पॅरासिटामॉलने पुसली तर डॉक्टरांनी बघायचं काय? १००.४ दिसला की मध्यरात्र असली तरी निघायचं. दवाखान्यात पोचल्यावर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. ताप तोंडात मोजा, काखेत कमी दिसतो. थंडी वाजून अंग थरथरलं तर आकड्याची वाट बघू नका.

आता तुमच्याकडचा पाऊस. ओढ्यावरून पाणी गेलं, मोबाइलला रेंज नाही, अशी रात्र तुम्हाला नवी नाही. तेव्हा काउंट पडायचे ते दिवस बेळगावात पाहुण्यांकडे काढा. पाहुणे कंटाळतील, कंटाळू देत. दाराशी पिशवी तयार ठेवा: फाइल, शेवटचा सीबीसी (रक्तपेशींचा रिपोर्ट), थर्मामीटर, गाडीवाल्याचा नंबर.

आईला (वय ६९) कॅन्सरवरची ॲझासिटिडीनची इंजेक्शनं आणि व्हेनेटोक्लॅक्सच्या गोळ्या चालू आहेत. शेजारी गुळवेलीचा काढा द्या म्हणतात. पपनस, कुंदा (खव्याची मिठाई) चालेल का? – एक वाचक, शहापूर, बेळगाव

काढा नको. २०२० साली मुंबईत गुळवेल घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद आहे, आणि आईंच्या यकृतावर आधीच औषधांचा भार आहे. पपनसही नको. ग्रेपफ्रूट आणि व्हेनेटोक्लॅक्स एकत्र चालत नाहीत, आणि पपनस हे ग्रेपफ्रूटचं आजोळच. रक्तात औषध साचतं. बुरशीवरच्या काही गोळ्यांनीही हेच होतं, म्हणून त्या चालू करताना व्हेनेटोक्लॅक्सचा डोस कमी करतात. नवा डॉक्टर काही लिहून देऊ लागला तर आधी चालू गोळ्यांचं पाकीट दाखवा.

कुंदा ताजा, झाकून आणलेला आणि आईंची साखर आटोक्यात असेल तर खुशाल द्या.