हाय सिएरात आठ दिवसांच्या ट्रेकला पीएलबी घ्यावा की इनरीच?

तुम्ही चौघं ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या हाय सिएराच्या डोंगरांत जाताय आणि पीएलबी (बटण दाबलं की उपग्रहामार्फत मदत मागणारा छोटा बीकन) घ्यावा की इनरीच (उपग्रहावरून मेसेज पाठवणारं, सबस्क्रिप्शनवर चालणारं उपकरण) हे विचारताय. दर महिन्याचं सबस्क्रिप्शन नकोय, एकदाच पैसे भरून मोकळं व्हायचंय. आयफोनवर भागेल का आणि पुढच्या वर्षी तीच वस्तू लडाखला चालेल का, हेही विचारलंय. लडाखचं आधी सांगते: नेऊ नका. इरिडियम (इनरीच यावरच चालतो) किंवा ग्लोबलस्टार या उपग्रहांच्या जाळ्यांवर चालणारं उपकरण भारतात परवान्याशिवाय जवळ बाळगणं बेकायदेशीर आहे. 2024च्या डिसेंबरात गोव्याच्या विमानतळावर एका कॅनेडियन बाईंच्या सामानात इनरीच सापडला आणि त्यांना पोलीस-कोर्ट सगळं करावं लागलं. इथे अमेरिकेत आपण आरईआयसारख्या ट्रेकिंगच्या दुकानातून सहज उचलतो, त्यामुळे हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. दिवाळीला घरी जातानासुद्धा सॅकचे कप्पे एकदा तपासा.

आता सिएरा. मी चार वर्षं पीएलबी वापरला आणि आज तुम्हाला इनरीच घ्या म्हणतेय, ते एका गुडघ्यामुळे.

आम्ही तिघी रे लेक्स लूपला गेलो होतो. रोड्स एंडला गाडी लावायची, साधारण 40 मैल चालून परत तिथेच यायचं. जवळपास 12,000 फुटांवरचा ग्लेन पास उतरताना मैत्रिणीचा गुडघा पिरगळला. सूज आली, पण ती उभी राहत होती, लंगडत चालत होती. जीव मुळीच धोक्यात नव्हता. पीएलबीवर मदत मागायचं बटण एकच. दाबलं तर हेलिकॉप्टर निघणार, नाही दाबलं तर काहीच नाही. मधलं काही सांगायची सोय नाही. आम्ही दाबलं नाही. बब्ज क्रीकच्या लांबलचक उतारापेक्षा कीअरसार्ज पासवरून पूर्वेला बाहेर पडणं जवळ होतं, म्हणून तिची सॅक दोघींत वाटून तिकडे निघालो. दोन दिवसांनी अन्यन व्हॅलीला पोचलो. गाडी डोंगराच्या दुसऱ्या बाजूला, आणि सिएरा आरपार ओलांडणारा रस्ता तिथे नाहीच. वळसा घालून निदान सहा तास. एका अनोळखी काकांनी इंडिपेंडन्स गावापर्यंत सोडलं. तिथे फोनला रेंज आली तेव्हा कळलं, की नवऱ्याने आदल्या रात्रीच पार्कला फोन करून आमची चौकशी सुरू केली होती. ‘उशीर होतोय, ठीक आहोत, पूर्वेला गाडी आण’ एवढंच कळवता आलं असतं तर ना त्याची रात्र गेली असती, ना आमचा दिवस.

बहुतेक वेळा जंगलात असंच अर्धवट काहीतरी होतं. इनरीचवर दोन्ही बाजूंनी मेसेज जातात. एसओएस दाबलं तरी मदत केंद्रातला माणूस मेसेजवर विचारतो: काय झालं, रक्त किती जातंय, चालता येतंय का? मग त्याप्रमाणे मदत निघते.

तरी पीएलबीला नावं ठेवणार नाही. तो 406 मेगाहर्ट्‌झवर तब्बल 5 वॅटने ओरडतो, इनरीच त्यापुढे कुजबुजतो. शिवाय शोधपथकाला अगदी जवळ आल्यावर दिशा कळावी म्हणून 121.5 मेगाहर्ट्‌झचा वेगळा सिग्नल देतो. चार्जिंगची कटकट नाही. मॉडेलप्रमाणे पाच-सात वर्षं बॅटरी तशीच पडून राहते आणि चालू केल्यावर निदान 24 तास टिकते. मागची उपग्रहांची व्यवस्था, कॉस्पास-सारसॅट, 1982पासून लोकांना वाचवतेय आणि तिचं सबस्क्रिप्शन नाही. एकटे जाणार असाल, घरी वाट बघणारं कुणी नसेल किंवा उपकरण चार्ज करायला तुम्ही हमखास विसरत असाल, तर पीएलबीच घ्या. फक्त नोआकडे (अमेरिकेची सरकारी हवामान-सागर संस्था) नोंदणी करा (फुकट आहे, दर दोन वर्षांनी नवी करावी लागते). आणि ऑस्ट्रेलियातला भाऊ स्वस्तात आणून देतोय म्हणून घेऊ नका. प्रत्येक पीएलबीत देशाचा कोड असतो, तिकडचा कोड असलेला नोआकडे नोंदवता येत नाही.

आयफोन 14 किंवा पुढचा असेल तर उपग्रहावरून एसओएस जातो, अमेरिकेत नीट चालतो. जोडीला उत्तम. पण तोच फोन तुमचा नकाशा, कॅमेरा आणि रात्रीचा टॉर्च असतो. ओढा ओलांडताना पडला तर सगळं एकदम गेलं. चौघांच्या गटाने त्यावर विसंबू नये.

सबस्क्रिप्शनचं दुःख समजतं. पण वर्षाचा प्लॅन घ्यायलाच हवा असं नाही, मासिक मिळतो. बंद करून पुन्हा चालू करायला किती आकारतात तेवढं आधी वाचा. प्लॅनचा खर्च चौघांत वाटलात तर मॅमथ गावातल्या एका पिझ्झ्याइतका पडेल.

घेतल्यावर निघायच्या आठवडाभर आधी घराच्या अंगणातून दोन-चार मेसेज पाठवून बघा. मोकळ्या आकाशाखाली मेसेज लवकर जातो, उभ्या कड्याखाली किंवा दाट झाडीत दहा-पंधरा मिनिटंही लागतात. ते एकदा अनुभवलं की ऐन वेळी घाबरायला होत नाही. पीएलबीची मात्र अशी खरीखुरी चाचणी घ्यायची नसते, त्याला सेल्फ-टेस्टचं वेगळं बटण असतं. घरी एकालाच सांगून ठेवा: एक दिवस मेसेज नाही आला तर थांब, अमुक तारखेच्या रात्रीपर्यंत नाही आला तर फोन कर. ट्रॅकिंगची लिंक मात्र आईला देऊ नका. मी दिली होती. कॅम्पवर पोचल्यावर बॅटरी वाचवायला उपकरण बंद केलं आणि पुण्यात रात्रभर नकाशावरचा तो न हलणारा ठिपका बघत घर जागं राहिलं.

आणि उपकरण सॅकच्या पट्ट्याला अडकवून ठेवू नका. पाणी भरायला जाताना सॅक आपण खालीच ठेवतो. पॅंटच्या चेनवाल्या खिशात ठेवा.