घरात १२ ते ६८ वयाची चार माणसं आहेत. सगळ्यांसाठी एकच फिटनेस कोच चालेल का? आईचे गुडघे दुखतात, तिने वजनं उचलावीत का?

दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर हो असं आहे. पण आईंच्या बाबतीत जरा सविस्तर लिहितो, कारण तुमच्या प्रश्नात सगळ्यात तातडीचं तेच आहे.

तुम्ही लिहिलंय की वडील ६८ वर्षांचे आहेत आणि त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. आई ६३ वर्षांच्या, दोन्ही गुडघे दुखतात, एक्स-रेमध्ये झीज दिसली आणि त्यांना 'झेपेल तेवढं चाला' असा सल्ला मिळाला. तुम्ही ३८, दिवसभर लॅपटॉपसमोर. मुलगा १२ वर्षांचा. मी साताऱ्यात अठरा वर्षं हेच काम करतोय. सकाळी पन्नाशीच्या पुढची मंडळी, संध्याकाळी पोरं. तुमच्यासारखं घर माझ्या ओळखीचं आहे.

'झेपेल तेवढं' हा सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. दरवर्षी तेवढंच करत राहिलं की झेपणारं कमी कमी होत जातं. आईंना एकदा विचारा, जमिनीवर मांडी घालून बसायचं कधी सोडलं? बहुतेक घरांत क्रम ठरलेला असतो. आधी पूजेला जमिनीऐवजी पाट येतो, मग पाटाऐवजी स्टूल, मग खुर्ची. लग्नाच्या पंगतीत 'मला टेबलावरच वाढा'. मग खुर्चीतून उठतानाही हात टेकावा लागतो. प्रत्येक वेळी घरातले प्रेमानेच म्हणतात, 'तू बस, मी आणून देतो'.

माझी आजी अशीच एकेक पायरी खाली आली. आम्ही सगळे तिला जपत होतो. पाणी हातात, ताट हातात. ७४ व्या वर्षी न्हाणीघरात उठताना तोल गेला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण त्यानंतर ती आपल्या पायांनी उंबरठ्याबाहेर गेली नाही. मी तेव्हा पंचविशीत होतो. तालमीत रोज पाचशे बैठका मारायचो आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एक बैठक शिकवली नव्हती. ते मला आजही लागतं. म्हणून सकाळची बॅच मी कधी बंद केली नाही.

आता कारण सांगतो. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. ताकद तर स्नायूंपेक्षाही लवकर उतरते. बायकांमध्ये पाळी गेल्यानंतरच्या काही वर्षांत हाडंही झपाट्याने विरळ होतात. चालण्याने हृदयाला, साखरेला, झोपेला, मनाला फायदा होतो, त्यामुळे चालणं बंद करायला मी कधीच सांगणार नाही. पण सपाट रस्त्यावर चालताना मांडीच्या स्नायूवर फार भार येत नाही. खुर्चीतून उठायला, जिना चढायला, ठेच लागली तर सावरायला जी ताकद लागते, ती नुसत्या चालण्याने परत येत नाही. मी अशी माणसं बघितलीत जी रोज पाच किलोमीटर चालतात आणि कमोडवरून उठताना नळाला धरतात.

गुडघ्याचंही तसंच आहे. दुखतो म्हणून माणूस बसतो, बसल्यामुळे मांडी बारीक होते, मांडी बारीक झाली की तिने उचलायचा भार सांध्यावर येतो, आणि गुडघा आणखी दुखतो. सांध्यातल्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांधा दाबला जातो, सुटतो, तेव्हा आतल्या द्रवातून तिला पोषण मिळतं. म्हणजे दुखरा गुडघा हलवत ठेवणं हीच त्याची देखभाल. झिजेच्या गुडघेदुखीवर व्यायाम हा पहिल्या फळीचा उपचार मानला जातो, गोळ्या आणि ऑपरेशन त्याच्या पुढचे.

'या वयात ताकद येते का?' असं मला रोज कुणी ना कुणी विचारतं. १९९० साली अमेरिकेत बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात दहा जणांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांचं सरासरी वय ९० होतं. आठ आठवडे त्यांनी मांड्यांसाठी वजनांचा व्यायाम केला, तोही हलका नाही, चांगला जड. शेवटपर्यंत टिकलेल्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांची काठी सुटली. नव्वदीत हे होत असेल तर तुमच्या आईंना ६३ व्या वर्षी उशीर झालेला नाही.

प्रत्यक्षात हे कसं दिसतं ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक काकू आल्या, तुमच्या आईंच्याच वयाच्या, तसेच गुडघे. मी बिनहाताची लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली आणि म्हटलं, उठून दाखवा. त्यांचा उजवा हात आपोआप गुडघ्यावर गेला. मग अंग एका बाजूला कललं, दात आवळले, श्वास कोंडला आणि त्या एका झटक्यात उभ्या राहिल्या. परत बसताना तर शेवटचा वीतभर भाग सरळ आदळल्याच. त्या आदळण्यावरून मला सगळं कळलं. मांडीला भार धरून खाली यायचं बळ उरलं नव्हतं.

मी खुर्चीवर सतरंजीच्या दोन घड्या ठेवल्या, म्हणजे बैठक उंच झाली.

"काकू, पावलं थोडी मागे घ्या. हात छातीवर. आता पुढे वाका, नाक पावलांच्या पुढे आलं पाहिजे."

"अरे, पडेन ना मी तोंडावर."

"मी समोर आहे. श्वास सोडत उठा."

उठल्या. हात न लावता. स्वतःच दोन क्षण तशाच उभ्या राहिल्या आणि मग म्हणाल्या, "परत करू?"

पहिल्या दिवशी पाच-पाचच्या तीन खेपा केल्या. बसताना चार अंक मोजत खाली यायचं, आदळायचं नाही. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी. दोन आठवड्यांनी एक घडी काढली, सहाव्या आठवड्यात दुसरी. मग पाण्याची दोन लिटरची बाटली छातीशी धरून, मग गव्हाची पाच किलोची पिशवी. हेच वजन उचलणं. जिममधल्या लोखंडाला बघून आई घाबरत असतील तर गव्हापासून सुरुवात करू द्या, स्नायूला दोन्हींतला फरक कळत नाही. सोबत ओट्याला धरून टाचा उचलणं, भिंतीवरचे जोर, आणि दोन्ही हातांत पिशव्या घेऊन घरातल्या घरात चालणं. आठ महिन्यांनी गणपतीत काकू आरतीला जमिनीवर बसल्या आणि एक हात टेकून उठल्या. एक्स-रे त्यांनी परत काढला नाही आणि मीही काढायला सांगितलं नाही.

दुखण्याचा एक नियम आईंना शिकवून ठेवा, फार कामाचा आहे. दुखणं दहापैकी किती, ते आकड्यात सांगायचं. व्यायाम करताना तीन-चारपर्यंत गेलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत नेहमीच्या पातळीवर आलं, तर चालतं. त्याहून वाढलं किंवा दुसऱ्या दिवशीही टिकलं, तर पुढच्या वेळी निम्मं करायचं. बंद करायचं नाही, निम्मं करायचं. मात्र गुडघा सुजून गरम झाला असेल, मध्येच दगा देत असेल किंवा अडकत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखणं, थोड्याशा श्रमाने धाप, उठल्यावर चक्कर यांपैकी काही असेल तरी आधी डॉक्टर, मग कोच.

आणि खऱ्या जड वजनांबद्दल विचाराल तर तेही शक्य आहे. ऑस्ट्रेलियात पाळी गेलेल्या आणि हाडं विरळ झालेल्या बायकांना आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास देखरेखीखाली भरपूर वजन उचलायला लावलं, तर त्यांच्या कण्याच्या हाडांची घनता वाढली. फक्त 'देखरेखीखाली' हा शब्द सोडू नका. तिथपर्यंत यायला आईंना काही महिने लागतील आणि तोवर शेजारी उभं राहून चूक दाखवणारं माणूस हवं. व्हिडिओ बघून ते करू नये.

वडिलांसाठी ताकदीइतकाच तोल. दात घासताना बेसिनला बोट लावून एका पायावर उभं राहायचं, मग बोट काढून. ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वयाच्या १७०२ लोकांना दहा सेकंद एका पायावर उभं राहायला सांगितलं होतं. ज्यांना जमलं नाही त्यांच्यात पुढच्या वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. एका पायावर उभं राहून आयुष्य वाढतं असा त्याचा अर्थ नाही, पण शरीर आतून कसं आहे ते त्यातून कळतं. रक्तदाब असल्यामुळे त्यांनी जोर लावताना श्वास कोंडायचा नाही, तोंडाने एक-दोन-तीन असं मोठ्याने मोजायचं. बोलणाऱ्या माणसाला श्वास कोंडता येत नाही.

मुलाचं सोपं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार त्याला रोज सरासरी ६० मिनिटं धावपळ हवी आणि ती खेळातून झाली तर उत्तम. कबड्डी, खो-खो, पोहणं, मल्लखांब, जे आवडेल ते. वजनांनी उंची खुंटते ही भीती काढून टाका, नीट शिकवणारा असेल तर तसं होत नाही. तुम्हाला स्वतःला आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल असं चालणं किंवा सायकल आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम. तुम्ही ते आईसोबतच केलंत तर दोघांचंही टिकेल.

यावरून तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. आमच्या तालमीत वस्ताद सगळ्यांकडून बैठकाच काढून घ्यायचे. पैलवान पोरं पूर्ण खाली जाऊन शेकड्यांनी, नवीन पोरगं वीस, आणि गल्लीतले एक सत्तरीचे आजोबा मल्लखांबाला धरून अर्ध्यापर्यंत दहा. व्यायाम एकच, प्रत्येकाची पायरी वेगळी. बसणं-उठणं, ढकलणं, ओढणं, उचलून नेणं, तोल सांभाळणं, एवढंच माणसाला बाराव्या वर्षीही लागतं आणि अडुसष्टाव्या वर्षीही. म्हणून एक कोच चालतो. फक्त त्याला पायऱ्या पाडता आल्या पाहिजेत.

ते कसं ओळखायचं? पहिल्या भेटीत तो आईंना विचारतो का की गेल्या वर्षभरात कधी पडलात का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, रात्री किती वेळा उठावं लागतं? वहीत लिहून घेतो का? पहिल्याच दिवशी घामाघूम करून दाखवणारा नको. डबा आणि पावडर विकणारा अजिबात नको. 'हे मला माहीत नाही, डॉक्टरांना विचारून सांगा' असं म्हणणारा मिळाला तर सोडू नका. आणि रोज बोलवायची गरज नाही. आठवड्यातून एकदा सगळ्यांना एकत्र बघून पुढच्या आठवड्याचं ठरवून दिलं तरी पुरे.

खाण्याचं एकच सांगतो. साठीनंतर बऱ्याच बायका रात्री दूधभात नाहीतर नुसती खिचडी खाऊन झोपतात. स्नायूला प्रथिनं लागतात, वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १ ग्रॅम तरी. उसळ, पिठलं, दही, चालत असतील तर अंडी-मासे, हे दोन्ही जेवणांत विभागून येऊ द्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

कोच शोधायच्या आधी उद्या सकाळी घरी एक गोष्ट करा. साधारण १७ इंच उंचीची, बिनहाताची खुर्ची भिंतीला टेकवा. हात छातीवर घडी घालून ३० सेकंदांत पूर्ण उभं राहून बसणं किती वेळा होतं ते मोजा. तुम्ही शेजारी उभे राहा. तुमच्या आई आणि वडील, दोघांच्याही वयोगटाला १२ पेक्षा कमी आकडा म्हणजे सरासरीच्या खाली धरतात. हात लावल्याशिवाय एकदाही उठता आलं नाही तर शून्य लिहा आणि अजिबात घाबरू नका, माझ्याकडच्या कितीतरी जणांची सुरुवात शून्यापासूनच झालीय. तारीख घालून आकडा फ्रिजवर चिकटवा आणि इथे मलाही कळवा. आईंना सतरंजीच्या किती घड्यांपासून सुरुवात करायची, ते त्यावरून सांगतो.