बँक उघडली हो, पण ती पॉलिसी कुठली?

भांडुपच्या एका काकांचं पत्र आलंय. थोडक्यात असं की घराजवळच्या सहकारी बँकेवर आरबीआयचे निर्बंध आले, पावणेदोन वर्षं शटर अर्धं खाली, आता एका मोठ्या बँकेत विलीन होऊन परत सुरू झालीय, नवीन बोर्ड लागला, पेढेसुद्धा वाटले. काकांच्या चार शाखांत मिळून १४ लाखांच्या एफडी होत्या. त्यातले ५ लाख ठेव विम्याचे मिळाले ते मुलीच्या लग्नात गेले, उरलेले ९ लाख आता मोकळे झालेत. वय ५७, पुढच्या वर्षी रिटायर. प्रश्न एवढाच, "मंदी येणार म्हणतात, मग पैसे तिथेच ठेवू की काढू?" आणि खाली ता.क. मध्ये एक ओळ: "बँक बंद होती तेव्हा पॉलिसीचे दोन हप्ते बायकोचं सोनं ठेवून भरले, पॉलिसी वाचली ही देवाची कृपा."

काका, बँकेचं आधी उरकतो, कारण खरा घोळ त्या ता.क. मध्ये आहे.

चार शाखा म्हणजे चार वेळा ५ लाखांचा विमा असं तुम्हाला वाटत होतं, बरोबर ना? तसं नसतं. एका माणसाला एका बँकेत, सगळ्या शाखा मिळून, मुद्दल अधिक व्याज, एकूण ५ लाख. तेही फेब्रुवारी २०२० पासून, त्याआधी १ लाखच होते. हा ठेव विमा १९६२ ला सुरू झाला तेव्हा तर फक्त १५०० रुपये, आणि तोही केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडल्यावर सुचलेला. आता तुमची बँक ज्या बँकेत विलीन झाली तिथे तुमचं आधीच खातं असेल तर दोन्ही मिळून एकच मर्यादा, हे कोणी काउंटरवर सांगणार नाही.

आणि "आरबीआयने उघडली म्हणजे सेफ" हे डोक्यातून काढा. १९३३ च्या महामंदीत अमेरिकेत अध्यक्ष रूझवेल्टनी सगळ्या बँका बंद केल्या, आठवड्याभरात उघडायला लागल्या तेव्हा लोक रांगा लावून पैसे परत भरायला आले, पण तिथेसुद्धा तपासून तपासून उघडल्या, आणि कित्येक कधीच उघडल्या नाहीत. आपल्याकडे पीएमसीवर (पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँक) सप्टेंबर २०१९ ला निर्बंध आले, पहिल्यांदा काढायची मुभा १००० रुपये, जानेवारी २०२२ ला विलीनीकरण, आणि ५ लाखांवरची रक्कम हप्त्याहप्त्याने, शेवटचा हप्ता दहा वर्षांनी. तुमचे ९ लाख एकरकमी मोकळे झाले, नशीबवान आहात. मंदीचं म्हणाल तर ती येईल न येईल, पीएमसी काही मंदीने गेली नव्हती, बहुतेक कर्ज एकाच बिल्डर ग्रुपला दिलं म्हणून गेली.

आता पॉलिसी. तुमची विमा पॉलिसी अशी: वर्षाला १ लाख २० हजार हप्ता, दहा वर्षं भरायचा, आणि विसाव्या वर्षी "डबल गॅरंटीड" म्हणजे २४ लाख. त्याच बँकेच्या काउंटरवर एफडी मोडून घ्यायला लावली आणि सांगितलं की "एफडीसारखंच आहे काका". एफडीसारखं काय आहे त्यात? पैसे सरासरी साडेपंधरा वर्षं अडकतात आणि दुप्पट होतात, ७२ ला दुपटीच्या वर्षांनी भागलं की साधारण वर्षाचा दर मिळतो, म्हणजे ७२ भागिले साडेपंधरा, साधारण ४.६ टक्के. गॅरंटीड आहे खरंच, ४.६ टक्क्यांची गॅरंटी. पैसे हातात येतील तेव्हा तुम्ही ७४ पार केलेले असाल. ५४ व्या वर्षी, रिटायरमेंट तीन-चार वर्षांवर असताना, दहा वर्षं हप्ता भरायची पॉलिसी गळ्यात मारणाऱ्याला मी काय म्हणू, इथे लिहिता येत नाही.

आणि हे ४.६ टक्के वाचवायला तुम्ही महिना १ टक्का, म्हणजे वर्षाला १२ टक्क्यांनी सोनं गहाण टाकलंत! दोन हप्त्यांचे १८ महिने आणि ६ महिने धरून व्याजच २९ हजाराच्या घरात गेलं.

लगेच सरेंडर करून (मुदतीआधी मोडून) टाकतो म्हणू नका, थांबा, इथे बहुतेक लोक रागाच्या भरात दुसरी चूक करतात. तीन हप्ते म्हणजे ३.६ लाख भरलेत, त्यावर किमान ३५ टक्के, म्हणजे सव्वा लाख हातात येतील. त्याऐवजी पेड-अप करा, पुढचे हप्ते बंद आणि दहापैकी तीन हप्त्यांच्या हिशोबाने विसाव्या वर्षी ७.२ लाख. आजच्या सव्वा लाखाचे साडेसतरा वर्षांत ७.२ लाख म्हणजे वर्षाला १० टक्के पडतात, हे तुम्हाला कुठली एफडी देणार नाही. उलट उरलेले सात हप्ते भरत बसलात तर त्या पैशावर ५ च्या आसपास, आणि ते भरणार कशातून, पेन्शन आहे का? पुढचा हप्ता सहा महिन्यांवर आहे, तोवर कंपनीच्या शाखेतून (बँकेच्या काउंटरवरच्या मुलाकडून नाही) सरेंडर आणि पेड-अप दोन्ही आकडे लेखी घ्या. सरेंडरचा आकडा माझ्या अंदाजापेक्षा बराच मोठा निघाला, दोन-अडीच लाख वगैरे, तर मला परत लिहा, मग गणित बदलतं.

९ लाखांतून पहिलं काम सोनं सोडवणं, २.७ लाख. मंगळसूत्र सोडवायचं सोडून एफडीचा विचार करताय, काकूंनी कसं चालवून घेतलं? उरले ६.३. लाखभर त्याच बँकेत बचत खात्यात राहू दे, घराजवळ आहे, सोय आहे. बाकीचे ५.३ लाख दुसऱ्या दोन बँकांत वाटून एक वर्षाच्या एफडीत, व्याजासकट प्रत्येकी ५ लाखांच्या आत राहतील असे. पुढच्या वर्षी रिटायरमेंटचे पैसे आले की तीन महिन्यांच्या आत सीनियर सिटिझन स्कीमचं खातं उघडा, ५५ ते ६० वयात ती मुदत पाळावी लागते, नाहीतर साठीपर्यंत थांबा. २०२५ मध्ये दर ८.२ टक्के होता, दर तिमाहीला व्याज खात्यात.

आणि नवीन बोर्डाखाली जुनाच मुलगा बसलेला असेल. तो "काका, आता ९ लाख आहेत ना" म्हणून नवीन ब्रोशर काढेल, तेव्हा चहा प्या आणि उठा.